सागरापासून सागरापर्यंत : एका सेवायात्रेची पूर्वतयारी

अतिप्रवास, वाहनावरील दीर्घ बैठक, रात्रिजागरण, अवेळी भोजन आणि वेगावरोध ही सारी वातप्रकोपाची कारणे म्हणून आपल्या संहितांनी सांगितली आहेत. प्रवासाकडे आयुर्वेद सावधपणेच पाहतो. तरीही 'चरक' या नामाचा एक अर्थ 'फिरणारा' असाच केला जातो. रोगी आपल्यापर्यंत येईल तेव्हा पाहू, असे न म्हणता त्याच्याकडे जाणारा वैद्य ही आपली जुनी परंपरा आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भंडारा जिल्ह्यातील आम्ही काही चिकित्सक आणि औषधालय-मालक सिकलसेलच्या रुग्णांसाठी मोटारसायकलवरून एक दीर्घ सेवायात्रा काढण्याचा विचार करीत आहोत. ही यात्रा अद्याप निघालेली नाही. तिचा दिवसही ठरलेला नाही. म्हणून हे प्रवासवर्णन नव्हे. नियोजन करताना जे प्रश्न समोर आले, त्यांतील ज्यांची उत्तरे सापडली आणि ज्यांनी आम्हांला आमचा मूळ बेत बदलावयास लावला, ते वैद्यबंधू-भगिनींपुढे परीक्षणासाठी ठेवीत आहोत.

यात्रेचे निमित्त

काही वर्षांपूर्वी तुमसर तालुक्यातील एका खेड्यातून एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. चेहरा पांढुरका, डोळ्यांत किंचित पिवळेपणा, सांध्यांत मधूनमधून असह्य वेदना, थंडीत व श्रमानंतर त्या अधिक. आम्ही आमवात आणि पांडू असा विचार करून चिकित्सा आरंभिली. लोहकल्प दिले, पथ्य सांगितले. कधी बरे वाटे, कधी नाही. कित्येक महिन्यांनी एका रात्री ताप व छातीतील वेदनेने ती जिल्हा पातळीवर दाखल झाली, तेव्हा रक्ततपासणीत 'एसएस' असा अहवाल आला. दोष आमचाच होता. ज्या भागात हा विकार घरोघरी आढळू शकतो, त्या भागात व्यवसाय करणाऱ्या चिकित्सकाने पहिल्या भेटीतच ती तपासणी सांगावयास हवी होती.

याहून अधिक बोचले ते तिच्या आईचे म्हणणे. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दोन वर्साआधी शिबिरात इचं रक्त नेलं होतं जी. रिपोट काही भेटलाच नाही." रक्त घेतले गेले, छायाचित्रे निघाली असतील, उपस्थितांची संख्याही नोंदली गेली असेल, अहवाल मात्र त्या घरी पोहोचला नाही. पुढे आम्ही जेव्हा यात्रेचा विचार करू लागलो, तेव्हा हेच वाक्य आमच्या नियोजनाची कसोटी झाले.

रोग आणि रस्ता

सिकलसेल हा आनुवंशिक विकार आहे. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्याच्या आकाराची होते, लवकर फुटते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरी परिसरात झाली आणि १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी आपल्या नागपूर भागातील आढळ प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या दारातील या रोगाचे नाव वैद्यकविश्वाला साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. जेथे हिवतापाचा प्रादुर्भाव पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तेथे वाहकांना त्यापासून काही संरक्षण मिळाल्याने हा जनुक टिकून राहिला. तलावांचा व जंगलांचा पूर्व विदर्भ त्यात मोडतो. हा केवळ आदिवासींचा रोग आहे, असा समज आपल्या व्यवसायातही आढळतो. तो चुकीचा आहे. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही तो आहे.

आता रस्त्याकडे पाहू. भंडारा शहरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी अजून असलेला जुना 'सहा नंबर', गुजरातेत सुरतेजवळच्या हजिरा बंदरापासून ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जातो. एक टोक अरबी समुद्रावर, दुसरे बंगालच्या उपसागरावर आणि मध्यभागी आपली वैनगंगा. अंतर सुमारे अठराशे किलोमीटर. प्रारंभी आम्हांला कन्याकुमारी किंवा लडाखचे आकर्षण वाटत होते. तरुण सहकाऱ्यांचा आग्रहही तोच होता. परंतु नकाशा पुढे ठेवला आणि एक गोष्ट ध्यानात आली. दक्षिण गुजरातचे आदिवासी तालुके, नंदुरबारमधील नवापूर, विदर्भ, छत्तीसगडचे मैदान आणि पश्चिम ओडिशा हे सारे सिकलसेलचे प्रदेश या एकाच रस्त्यावर ओवलेले आहेत. रायपूरला या रोगासाठी स्वतंत्र शासकीय संस्था आहे. संबलपूरलगतच्या बुर्ला येथील वैद्यकीय महाविद्यालयात यावर दीर्घकाळ काम झाले आहे. ज्या रस्त्यावर आमचे दवाखाने आहेत, त्याच रस्त्यावर आमचे शिक्षकही बसलेले आहेत. मग दूरच्या शिखरांकडे जाण्याचे कारण उरले नाही.

आपल्या जवळचा आदर्श

दीर्घ सेवायात्रेचा विचार विदर्भात करावयाचा आणि बाबा आमटे यांचे स्मरण करावयाचे नाही, हे शक्य नाही. हिंगणघाटला जन्मलेल्या आणि वरोऱ्याचे आनंदवन उभे करणाऱ्या बाबांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून 'भारत जोडो' सायकलयात्रा सुरू केली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी पाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर सायकलने कापीत काश्मीरच्या दिशेने गेले. पुढे १९८८-८९ मध्ये इटानगर ते ओखा अशी पूर्व-पश्चिम यात्राही झाली. तिचा मुख्य हेतू निधिसंकलन नव्हे, तर दुभंगत चाललेल्या मनांना जोडणे हा होता. तरीही नियोजनाच्या दृष्टीने तिच्यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या.

पहिली गोष्ट वाहनाच्या निवडीची. सायकल मंद आहे, म्हणूनच ती योग्य होती; वाटेतल्या माणसाला थांबवून बोलता येते. मोटारसायकल ही सायकल आणि मोटार यांच्या मधली. तिचा वेग आपण आवरला तरच ती सेवेचे वाहन होते, नाहीतर ती केवळ शर्यत. दुसरी गोष्ट शरीराच्या मर्यादेची. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबांना बसणे अशक्य होते; ते उभे राहत किंवा आडवे पडत. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने आपली व्याधी नाकारली नाही. आडवे राहता येईल अशी व्यवस्था वाहनात करून ते यात्रेसोबत गेले. व्याधी लपवून आखलेला प्रवास आणि व्याधी ध्यानात घेऊन आखलेला प्रवास, यांतील फरक चिकित्सकाला सांगावा लागू नये.

तिसरा धडा परदेशातून मिळाला. ब्रिटनमधील अँड्रिया व बॅरी कोलमन हे दांपत्य आणि अमेरिकन शर्यतपटू रँडी मामोला यांनी १९८० च्या दशकात मोटारसायकल-शर्यतींच्या रसिकांकडून आफ्रिकेतील मुलांसाठी निधी उभा केला. त्याचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी सोमालियात गेल्यावर त्यांना दिसले, की आरोग्यसेवकांना मिळालेल्या गाड्या किरकोळ दुरुस्तीअभावी गंजत पडल्या आहेत. गाडी दिली होती. तेल बदलणारा, साखळी घट्ट करणारा, सुटा भाग पुरविणारा कोणी दिला नव्हता. त्यातून 'रायडर्स फॉर हेल्थ' ही संस्था उभी राहिली आणि आफ्रिकेतील अनेक देशांत आरोग्यसेवकांच्या वाहनांची नियमित निगा हेच तिचे कार्य झाले. देणगी दिल्यानंतर तिच्या मागे जाऊन पाहण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, हे आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते.

हिशोबाचा प्रश्न

आमच्या दुसऱ्या बैठकीत एका ज्येष्ठ वैद्यांनी सरळ प्रश्न केला. "दहा गाड्या, अठराशे किलोमीटर. लिटरला चाळीस किलोमीटर धरले तरी प्रत्येकी पंचेचाळीस लिटर, एकूण साडेचारशे. शंभर रुपयांनी पेट्रोलच पंचेचाळीस हजारांचे झाले. त्यात रेल्वेचे भाडे, मुक्काम, भोजन, सोबतची गाडी. एवढे पैसे थेट रुग्णांना का देत नाही?"

बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. प्रश्न योग्य होता आणि तो टाळून निघालेली कोणतीही सेवायात्रा प्रामाणिक होऊ शकत नाही. बऱ्याच चर्चेनंतर आम्ही पुढील नियम ठरविले.

१. यात्रेचा संपूर्ण खर्च स्वार स्वतः करतील. देणगीतील एक रुपयाही पेट्रोल, भोजन, टोप्या, फलक यांवर खर्च होणार नाही.

२. देणगीचे खाते स्वतंत्र असेल. ती नोंदणीकृत सार्वजनिक न्यासामार्फतच घेतली जाईल. नोंदणीशिवाय लोकवर्गणी गोळा करणाऱ्यांनी धर्मादाय कार्यालयास कळविणे कायद्याला अपेक्षित आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. प्राप्तिकरातील सवलत हवी असणाऱ्या देणगीदाराची दोन हजार रुपयांवरील रक्कम रोखीने घेऊ नये.

३. औषधनिर्मात्यांकडून देणगी अवश्य घ्यावी. परंतु तिच्या मोबदल्यात कोणत्याही उत्पादनाचा फलक, नमुन्यांचे वाटप किंवा 'सिकलसेलवर उपयुक्त' असा शब्दप्रयोग होणार नाही. या नियमामुळे एक चांगली रक्कम हातची गेली, हेही येथे नोंदवितो.

४. धनत्रयोदशीला, म्हणजे धन्वंतरी-पूजनाच्या दिवशी, पूर्वतयारीचा आढावा घेतला जाईल. पुढे सांगितलेली कामे तोवर मार्गी लागली नसतील तर यात्रा रद्द होईल आणि स्वारांनी बाजूला ठेवलेला खर्च निधीत जमा होईल.

चौथा नियम मान्य होण्यास सर्वांत अधिक वेळ लागला. परंतु रद्द करण्याची अट आधी लिहून ठेवली नाही, तर उत्साह माणसाला रस्त्यावर ओढून नेतोच.

निधी कोठे जाणार, हेही ठरविणे आवश्यक होते. शासकीय रुग्णालयांत तपासणी व औषधांची व्यवस्था आहे. तिची नक्कल करण्याचे कारण नाही. परंतु रुग्णासोबत जाणाऱ्या आईचे भाडे, तिची बुडालेली मजुरी, नागपूरला दोन दिवस राहावे लागले तर जेवणाचा खर्च, हे कोणत्याही योजनेत सहजी बसत नाही आणि त्यापायीच पुढची तारीख चुकते. निधी या कामासाठी आणि केवळ आमच्या जिल्ह्यातील सात तालुक्यांसाठी असेल.

यात्रा अठराशे किलोमीटरची, काम घराजवळचे

मूळ बेतात दर मुक्कामी तपासणी शिबिर होते. तुमसरच्या त्या आईचे वाक्य आठवले आणि तो बेत आम्ही मोडला. जळगावला किंवा संबलपूरला आम्ही एका सायंकाळचे पाहुणे. तेथे रक्त घ्यावयाचे आणि सकाळी पुढे निघावयाचे, तर अहवाल कोण देणार? वाहक निघालेल्या तरुणीला कोण समजावणार? अहवालासह समुपदेशन नसेल तर तपासणी ही सेवा नव्हे. कित्येकदा ती मोडलेल्या सोयरिकीचे कारण होते.

म्हणून कामाची विभागणी अशी केली. बाहेरच्या मुक्कामी केवळ दोन गोष्टी : तेथील वैद्यबंधूंशी तासाभराची चर्चा आणि स्थानिक रक्तपेढीच्या सहकार्याने ऐच्छिक रक्तदात्यांची नोंदणी. प्रत्यक्ष तपासणी मात्र भंडारा जिल्ह्यातच, शासकीय आरोग्ययंत्रणेसोबत आणि यात्रेच्या आधी तीन महिने. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, झाडीपट्टीची नाटके रंगतात, बाहेरगावी गेलेली लेकरे घरी येतात. तपासणीचे महत्त्व सांगण्यास याहून चांगला काळ नाही. पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने निश्चिती. प्रत्येक नमुन्यापुढे अहवाल घरी पोहोचविणाऱ्या चिकित्सकाचे नाव लिहिलेले असेल. आमच्या यात्रेचे यश किलोमीटरांत किंवा नमुन्यांच्या संख्येत मोजले जाणार नाही. हातात पडलेल्या अहवालांत मोजले जाईल.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. बाधित भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. एवढ्या मोठ्या कार्यात खेड्यातील आयुर्वेदीय चिकित्सकाला स्थान आहे, कारण विवाहापूर्वीचा सल्ला घेण्यासाठी कुटुंब प्रथम त्याच्याकडेच येते. दोन्ही जोडीदार वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता पंचवीस टक्के, वाहक असण्याची पन्नास टक्के आणि पूर्णतः निरोगी असण्याची पंचवीस टक्के असते. एवढे साधे गणित घरच्यांच्या भाषेत सांगता आले, तरी मोठे कार्य होईल. रुग्णास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये मिळणाऱ्या प्रमाणपत्राची माहितीही आपण देऊ शकतो.

आपल्या मर्यादाही येथेच सांगणे प्राप्त आहे. सिकलसेलचा रुग्ण पांडुरोगी दिसतो, परंतु त्याच्या शरीरात लोहाची उणीव असेलच असे नाही. पेशी फुटल्याने लोह शरीरातच राहते आणि वारंवार रक्त दिलेल्या रुग्णात ते साचते. म्हणून नवायस लोह, मंडूर भस्म यांसारखे कल्प लोहाच्या तपासणीशिवाय दीर्घकाळ देऊ नयेत. आमची चूक नेमकी हीच होती. हायड्रॉक्सियुरिया घेत असलेल्या रुग्णाचे औषध आपण बंद करू नये. ताप, छातीत वेदना, श्वास लागणे, प्लीहेचा आकार एकाएकी वाढणे, अर्धांगाची लक्षणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे.

काळ, वाटचाल आणि वाहन

काळ जानेवारीचा उत्तरार्ध निवडला आहे. हेमंत-शिशिरात देहबल उत्तम असते, अग्नी प्रदीप्त असतो. भारी धानाची मळणी उरकून शेतकरी थोडा मोकळा होतो. धुके हा एकच शत्रू. म्हणून सूर्योदयानंतर तासाभराने निघावयाचे आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावयाचा.

स्वार व गाड्या नागपूरहून रेल्वेने सुरतेला जातील. गाडी पार्सलने पाठविताना टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि नोंदणीपत्राची प्रत लागते, हे आधी ध्यानात ठेवावे. हजिऱ्याहून नवापूर, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर. तेथून भंडारा, जेथे पूर्ण एक दिवस विश्रांती. मग साकोली, देवरीवरून राजनांदगाव, रायपूर, सरायपाली, संबलपूर आणि पारादीप. दिवसाला दोनशे किलोमीटरांची मर्यादा. अमरावती-अकोला टप्प्यात २०२२ साली सलग पंच्याहत्तर किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला. रस्ता उत्तम झाला की वेग वाढतो, म्हणून चांगल्या रस्त्यावरच अधिक सावध राहावे, असे आम्ही तरुणांना बजावले आहे. ताशी साठच्या पुढे काटा जाणार नाही, हा नियम सर्वांच्या सहीने लिहून घेतला आहे.

नव्या व महागड्या गाड्यांचा मोह आम्ही टाळला. दवाखान्यात रोज जाण्यायेण्याचीच सव्वाशे-दीडशे सीसीची गाडी वापरावयाची, कारण तिची दुरुस्ती कोणत्याही गावचा मिस्त्री करतो. निघण्यापूर्वी पंधरा दिवस तेल, ब्रेक, साखळी व टायर पाहून घ्यावे आणि नंतर दोनशे किलोमीटर चालवून पाहावी. नवे बसविलेले भाग तेवढ्यात आपला दोष दाखवितात. सोबत क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबल, स्पार्क प्लग, पंक्चरचे साहित्य आणि हवा भरण्याचा पंप असावा. परवाना, नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती तपासाव्यात. भारतीय मानक चिन्हाचे शिरस्त्राण चालक व मागे बसणारा या दोघांनाही, अगदी गावातल्या फेरीतही. अपघातप्रसंगी १०८ व ११२, तर महामार्गावर १०३३ हे क्रमांक प्रत्येकाला पाठ असावेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने अपघातग्रस्तास साहाय्य करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. वाटेत दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबणे हे आमचे कर्तव्यच आहे.

स्वारांची चर्या

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय 'न वेगान्धारणीय' हा दुचाकीस्वारासाठीच लिहिला असावा असे वाटते. मुक्काम गाठण्याच्या घाईत मूत्रवेग रोखणे, तहान मारणे, निद्रेशी झुंजणे ही स्वाराची नित्याची पापे आहेत. म्हणून दर पन्नास किलोमीटरला सक्तीचा थांबा ठेवला आहे. तेथे पाणी, वेगविसर्जन आणि पाच मिनिटे चालणे. झोप आली असे सांगण्यात कोणी कमीपणा मानू नये. सांगितले की सारा गट थांबेल.

व्यायाम अर्धशक्तीने करावा हे तत्त्व येथेही लागू करावे. दिवसाच्या शेवटी शरीरात अर्धे बळ शिल्लक असले पाहिजे, कारण सायंकाळची चर्चा हेच खरे काम आहे. रात्री कटी, पृष्ठ, स्कंध व पादतलास कोमट तिळतेलाचा अभ्यंग, उष्ण जलाने स्नान, ताजे व स्निग्ध भोजन. ढाब्यावरील मसालेदार जेवण, शिळे पदार्थ व रात्रीचे दही वर्ज्य. मद्यपानाची शंका आली तरी त्या स्वाराची यात्रा तेथेच संपेल.

निघण्यापूर्वी प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह, दृष्टी व हृदय यांची तपासणी होईल. आणि एक तपासणी आणखी : आम्ही सर्व स्वारांनी प्रथम स्वतःची सिकलसेल चाचणी करून घेतली. आमच्यापैकी एक चिकित्सक वाहक निघाले. वीस वर्षे व्यवसाय केलेल्या त्या वैद्यांना ते ठाऊक नव्हते. वाहकास सहसा त्रास नसतो, पाण्याची काळजी घेतली की प्रवासाला अडचण नाही. ते यात्रेत आहेत. परंतु त्यांच्या मुलीच्या विवाहाची बोलणी चालू होती. त्यांनी प्रथम मुलीची चाचणी केली आणि मग व्याह्यांकडे जाऊन मुलाच्या चाचणीची विनंती स्वतः केली. त्या घरी काय वाटले असेल, समाज काय म्हणेल, या साऱ्या प्रश्नांतून ते गेले. दुसऱ्याला जे सांगावयाचे ते आधी आपल्या घरात करून पाहावे लागते, हे त्या एका अहवालाने आम्हांला शिकविले. लोकांना समजावून सांगण्याचे सामर्थ्य आता त्यांच्या शब्दांना जितके आहे, तितके आमच्यापैकी कोणाच्याही नाही.

निवेदन

यात्रा निघेल किंवा निघणार नाही. ते धनत्रयोदशीच्या आढाव्यात ठरेल. पारादीपच्या किनाऱ्यावर उभे राहून हजिऱ्याहून आणलेले पाणी त्या समुद्रात ओतावे, अशी तरुण सहकाऱ्यांची इच्छा आहे आणि आमचाही तिला विरोध नाही. परंतु तिकडे जाण्याआधी तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूरच्या घरांत अहवाल पोहोचले असले पाहिजेत. तेवढे झाले तर समुद्राचे दर्शन हा प्रसाद समजू.

महामार्ग ५३ वर आणि त्याच्या आसपास व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती आहे, की मुक्कामासाठी जागा नव्हे, तर एक सायंकाळ द्यावी. औषधालय-मालकांनी आपल्या गल्ल्याजवळ उत्पादनाच्या फलकाशेजारी विवाहपूर्व तपासणीचा एक साधा फलक लावावा. त्याला पेट्रोल लागत नाही. रक्त देण्यास योग्य असलेल्या, अठरा वर्षांवरील आपल्या कर्मचाऱ्यांची नावे जवळच्या रक्तपेढीत नोंदवावीत. आणि आपल्याकडे वारंवार सांधेदुखी व पांडुता घेऊन येणारे मूल असेल, तर आज सायंकाळीच त्याच्या पालकांना चाचणीचे सांगावे, आणि अहवाल आणण्याची तारीख आपल्या रोजनिशीत लिहून ठेवावी.

आराखड्यात त्रुटी असतीलच. त्या सुज्ञ वाचकांनी निःसंकोच कळवाव्यात.